सव्वा लाखात जुनी बाथरूम: फोडायचं काय, ठेवायचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतली १९९१ ची चार मजली इमारत, तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम सात बाय साडेचार फूट, शेजारी वेगळा संडास. भिंतींना तेव्हाच्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स, आत जीआयचे (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप, नळाला गंजाचं पिवळं पाणी. खालच्या काकांच्या छताला ओल आलीय. घरात सत्तरीची आई. बजेट सव्वा लाख. एका ठेकेदाराने दोन लाख चाळीस हजार सांगितले, दुसरा म्हणतो जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवतो, सत्तर हजारांत काम होईल. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. सत्तर हजारवाला जिथे हात आखडता घेतोय, ती जागा नंतर फोडल्याशिवाय दिसणारही नाही. दोन चाळीसवाल्याच्या कोटेशनमध्ये भिंतीतला कमोड, रेन शॉवर, काचेचं पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग आहे, म्हणजे आत्ता नसल्या तरी चालतील अशाच गोष्टी. मी या धंद्यात एकच हिशोब धरतो: टाइलच्या मागे आणि खाली जे जाणार, त्यात काटकसर नाही. टाइलच्या पुढे जे दिसणार, त्यात हवी तेवढी करा.

पण आधी ओल कुठून येतेय ते शोधा. हे कोणी करत नाही, सगळे थेट छिन्नी-हातोडा घेऊन येतात. पहिली चाचणी फुकट आहे. बाथरूमला पाणी देणारा मुख्य व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवा, आंघोळ बादलीने त्याच बाथरूममध्ये करा. खालची ओल कमी होत गेली तर भिंतीतला जीआय कुजलाय. फरक पडला नाही तर संशय जमिनीवर आणि ट्रॅपवर, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या भांड्यावर. मग जाळी काढून ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडी बोळा घट्ट बसवायचा, जमिनीवर इंचभर पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि चोवीस तास सोडायचं. पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं तर जमीन पितेय. पाणी जागेवर राहिलं आणि बोळा काढून सोडल्यावर खाली ठिबकलं, तर ट्रॅपचा किंवा बाहेर जाणाऱ्या पाईपचा सांधा गेलाय. संडासाची चाचणी वेगळ्या दिवशी घ्या, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते.

याचा पैशांशी थेट संबंध आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या बाथरूम-संडासाची गळती दुरुस्त करणं सभासदाच्या खर्चाने, आणि बाहेरच्या सामायिक पाईपलाइनची गळती संस्थेच्या खर्चाने. तुमच्या इमारतीच्या वयाच्या बहुतेक ठिकाणी बाहेरचा उभा पाईप बिडाचा असतो आणि तुमच्या पाईपचा त्याला जिथे सांधा मिळतो तिथेच तो फुटलेला सापडतो. तसं निघालं तर सेक्रेटरींना फोटोसह लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काम होत नाही, आणि नंतर खालचे काका तुमच्याकडेच बोट दाखवतात. बाथरूम फोडण्यासाठी संस्थेची परवानगी तशीही लागते. त्याच अर्जात दोन्ही विषय घ्या.

आता टाइलवर टाइल. ही पद्धत वाईट नाही. जुनी टाइल घट्ट असेल, पाईप नवे असतील आणि गळती नसेल, तर पैसे आणि राबिट (फोडकामाचा मलबा) दोन्ही वाचतात. मी सुद्धा करून देतो. तुमच्याकडे पाईप आणि गळतीच्या अटी तर पुऱ्या होतच नाहीत, उरली टाइल. नाण्याने टाइल वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर ती टाइल आज ना उद्या नव्या टाइलसकट खाली येणार. शिवाय जमीन दीड-दोन सेंटिमीटर वर येते, दार तळातून कापावं लागतं, जाळी खड्ड्यात जाते आणि भिंतीतले जुने नळाचे तोंड आत रुततात. गळती मात्र तशीच, फक्त आता तिच्यावर दोन टाइल्स. म्हणून तुमच्या बाथरूमला पूर्ण फोडणं आलं, जमीन आणि भिंती दोन्ही.

फोडताना मोठं ब्रेकर मशीन लावू देऊ नका. तीस वर्षांहून जुना स्लॅब आहे, खाली माणसं राहतात. भिंतीच्या टाइल्स छिन्नीनेच निघतात, जमिनीचा कोबा हाताने किंवा लहान मशीनने. बाथरूमचा स्लॅब बहुधा बाकीच्या घरापेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली असतो, त्या खोलगट भागाला आम्ही संक म्हणतो. तो पूर्ण मोकळा होऊन मूळ स्लॅब दिसला पाहिजे. तिथे सळ्या उघड्या पडलेल्या, फुगलेल्या दिसल्या तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वॉटरप्रूफिंगवाला ‘केमिकल मारून देतो’ म्हणेल, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि पाईपसाठी बीम कापायचा नाही, अर्धा इंच सुद्धा नाही.

आता ज्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ उभा असतो ती. संक रिकामा झाला की ठेकेदाराला सोपा मोह असतो: वरून काढलेलं राबिट तीन मजले उतरवण्याची हमाली वाचवायला तेच परत संकमध्ये टाकायचं. त्यात जुना चुना, प्लास्टर, टाइलचे धारदार तुकडे आणि पाणी धरून ठेवणारी माती असते. पाईप त्यावर टेकतो, भर बसत जाते, पाईपचा उतार उलटा होतो आणि दोन वर्षांत सांधा सुटतो. कोटेशनमध्येच लिहून घ्या की राबिट खाली जाईल आणि भरायला स्वच्छ विटांचे तुकडे किंवा हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरले जातील. हलके ब्लॉक बरे, स्लॅबवर वजन कमी पडतं.

क्रम असा असतो. मूळ स्लॅब घासून धुवायचा, भेगा आणि पाईपच्या भोवतीची भोकं नॉन-श्रिंक (वाळल्यावर न आकसणाऱ्या) ग्राउटने भरायची. स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा करायचा, म्हणजे कोपरा गोल करून घ्यायचा, कारण बऱ्याच गळत्या काटकोनातून सुरू होतात. मग सिमेंटमध्ये मिसळून लावायच्या पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि भिंतीवर निदान फूटभर वर. शॉवरच्या भिंतीवर मी सहा फुटांपर्यंत घेतो. हे वाळलं की पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायचं आणि खालच्या काकांच्या घरी जाऊन स्वतः वर बघायचं. ठेकेदार म्हणेल दिवस वाया जातात. जाऊ द्या. त्यानंतर पाईप, त्यावर विटांचा कोबा, आणि कोब्यावर कोटिंगचा आणखी एक थर. खालच्या थरावर साचलेलं पाणी बाहेर पडायला बाहेरच्या भिंतीतून एक बारीक स्पाउट (नळी) काढून ठेवला तर उत्तम. पुढे कधी त्या स्पाउटमधून थेंब पडायला लागले तर काकांचं छत भिजायच्या आधी तुम्हाला कळतं.

ट्रॅप नवा घ्यायचा, पीव्हीसीचा, ज्यात पन्नास मिलिमीटर पाणी उभं राहतं असा. जुन्या उथळ नहाणी ट्रॅपमधलं पाणी काही दिवस घर बंद असलं की उडतं आणि मग झुरळं आणि वास दोन्ही वर येतात. लोक त्यासाठी महागड्या ‘कॉक्रोच जाळ्या’ घेतात. खोल ट्रॅप घेतला की साधी स्टीलची जाळी पुरते.

पाईप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), गरम आणि गार दोन्हीला. गारला यूपीव्हीसी (फक्त गार पाण्याचं प्लास्टिक) वापरून थोडे पैसे वाचतात, पण एवढ्याशा बाथरूममध्ये ती बचत नगण्य आहे आणि उद्या कोणी चुकून गीझरची लाइन त्याला जोडली तर पाईप मऊ पडतो. नळ जिथे बसतो तिथलं प्रत्येक फिटिंग पितळी आट्यांचं हवं. प्लास्टिकच्या आट्यांवर पितळी नळ आवळला की ते चिरतं, आणि ती चीर टाइलच्या मागे असते. जुन्या प्लंबरला सफेदा आणि सुतळीची सवय असते. सीपीव्हीसीच्या आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप. सगळी लाइन झाली की हातपंपाने दाब देऊन किमान काही तास, शक्य तर रात्रभर ठेवायची, आणि गेजचा काटा सकाळी तिथेच असला पाहिजे. त्यानंतरच प्लास्टर. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. पुढे आरशासाठी किंवा आईच्या आधाराच्या दांड्यासाठी भोक पाडताना ते फोटो सोन्यासारखे उपयोगी पडतात.

रेन शॉवरचं सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. तुमच्या नळाला जो दाब मिळतो तो फक्त टाकीच्या उंचीमुळे. दर एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार. तिसऱ्या मजल्याच्या जमिनीपासून गच्ची सहा मीटर, टाकीचा तळ त्यावर दीड मीटर, त्यातून शॉवरची दोन मीटर उंची वजा केली तर साडेपाच मीटर उरले, म्हणजे जेमतेम अर्धा बार. पाईपमधल्या वळणांनी त्यातला काही आणखी खाल्ला जातो. मोठ्या थाळीच्या शॉवरमधून त्या दाबावर पाणी कोसळत नाही, गळतं. सिंगल लिव्हर डायव्हर्टरलाही (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या एका दांडीच्या चावीलाही) किमान दाब लागतो, तो त्याच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. दुकानात बघून घ्या. तुमच्यासाठी जुन्या पद्धतीचा दोन चाव्यांचा वॉल मिक्सर आणि चार इंची शॉवर. स्वस्त, कमी दाबावर चालणारा, आणि बिघडला तर भिंत न फोडता बदलता येणारा. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला, डायव्हर्टर बिघडला की कधी कधी आख्खी टाइल काढावी लागते, आणि तेव्हा ती टाइल बाजारात नसते.

टाइलचा हिशोब स्वतः करा. सात आणि साडेचार फुटांचा घेर तेवीस फूट. सात फूट उंचीपर्यंत लावल्या तर १६१ चौरस फूट, दार आणि खिडकीचे साधारण अठरा वजा, उरले १४३. दहा टक्के तुटफूट धरून १५७. जमीन साडेएकतीस, तीही दहा टक्के धरून पस्तीस. दुकानदार सरसकट अडीचशे फूट गळ्यात मारतो. भिंतीला बारा बाय अठरा किंवा बारा बाय चोवीस इंची साधी सिरॅमिक, जमिनीला बारा बाय बाराची खरखरीत मॅट. गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्स आपल्याकडे कुठल्याही दुकानात चाळीस ते पंचावन्न रुपये फुटाने मिळतात आणि त्या ठीक असतात. त्याच्या पुढे तुम्ही डिझाइनचे पैसे देता. खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच तपासा, आणि चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवून द्या.

सिरॅमिक टाइल पाण्यात भिजवून सिमेंटवर लावली तरी चिकटते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून सिमेंट तिला धरत नाही. तिला अ‍ॅडेसिव्हच हवं. मी आता सिरॅमिकलाही अ‍ॅडेसिव्हच वापरतो, खर्च थोडा वाढतो पण पोकळ जागा राहत नाहीत. पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइप बघा. टाइलला टाइल भिडवू देऊ नका, दोन मिलिमीटरचा स्पेसर हवाच. दर्जा (टाइल्समधल्या फटी) भरताना इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, म्हणून ते फक्त जमिनीला आणि भिंतीच्या खालच्या फुटाला वापरा, वर साधं चालतं. जमिनीचा उतार फुटाला तीन मिलिमीटर, म्हणजे दारापासून ट्रॅपपर्यंत सात फुटांत सुमारे दोन सेंटिमीटर. मिस्त्री ‘दिला साहेब उतार’ म्हणतो तेव्हा लेव्हल पाईप लावून दाखवायला सांगा. ट्रॅप भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात ठेवला तर उतार एकाच दिशेने जातो आणि टाइल कमी कापावी लागते.

आईचा विचार नकाशाच्या वेळीच करा. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराच्या मागे माणूस पडलं तर दार ढकलता येत नाही. हे मी नुसतं ऐकलेलं नाही. कडी अशी घ्या की गरज पडली तर बाहेरून नाण्याने उघडता येईल. उंबरठ्याची ग्रॅनाइट पट्टी आतल्या जमिनीपेक्षा अर्धा-पाऊण इंच वर असली की पाणी अडतं, चार इंचांची गरज नाही. स्टीलचे आधाराचे दांडे शॉवरपाशी एक आणि संडासात एक. त्यांच्या जागा पाईप टाकायच्या आधी खडूने आखा, म्हणजे मागून पाईप जाणार नाही. टाइलला चिकटवायचे सक्शनवाले दांडे वजन घेत नाहीत, ते टॉवेलसाठी.

विजेत एकच हट्ट धरा: गीझरला वेगळी लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारं स्विच). गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या आत ठेवू नका. बंद दारात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेलेली आहेत, आणि त्या वायूला वास नसतो. आत्ताचा साठवणीचा गीझर चालू असेल तर तोच परत बसवा, फक्त एलिमेंटवरचे क्षार काढून घ्या. फॉल्स सीलिंग नको. वरच्या मजल्याची गळती सुरू झाली तर ती तुम्हाला महिनाभर दिसणार नाही. छत खरवडून बाहेरच्या भिंतीला लावतात तो रंग द्या आणि खिडकीत सहा इंची एक्झॉस्ट बसवा.

संडासाला हात लावू नका, चाचणीत तो गळत नसेल तर. तुम्ही लिहिलंय की तिथे कमोड आधीच बसवलेला आहे आणि चालतो. फ्लशच्या टाकीतला आतला सेट आणि सीट कव्हर बदला, टाइलचा जुना दर्जा खरवडून नवा भरा, दांडा आणि हेल्थ फॉसेट (धुण्याचा हातातला फवारा) लावा, वर रंग. सात-आठ हजारांत तो नवा दिसतो. पुढे कधी कमोड बदललाच, तर दुकानात जाण्यापूर्वी मागच्या भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चार इंच, नऊ इंच आणि बारा इंच असे वेगवेगळे कमोड येतात, आणि चुकीचा आणला की जमीन फोडावी लागते. संडास आणि बाथरूम एक करायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. घरात एकच जोडी असताना सकाळी सातला वेगळेपणाची किंमत कळते. दुरुस्तीच्या दिवसांतही संडास चालू राहतो, हा फायदा आहेच.

आता पैसे. दर भागानुसार बदलतात, पण तुमच्या मापाला मी असं धरीन: तोडफोड आणि राबिट उतरवणं चौदा हजार, प्लंबिंगचा माल-मजुरी एकोणीस, वॉटरप्रूफिंग आणि कोबा सतरा, टाइल-अ‍ॅडेसिव्ह-दर्जा-मजुरी मिळून सत्तावीस, नळ-मिक्सर-शॉवर तेरा, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा मिसळलेल्या प्लास्टिकचं) दार साडेसहा, वीज आणि एक्झॉस्ट साडेचार. झाले एक लाख एक हजार. संडासाचे आठ. उरलेले सोळा हजार कशालाही देऊन टाकू नका. फोडल्यावर काहीतरी निघतंच, निदान बाहेरचा सांधा किंवा दाराची कुजलेली चौकट. काहीच निघालं नाही तर मग नळ थोडे चांगले घ्या.

वेळ पंधरा ते अठरा दिवस, पाणी भरून ठेवायचे दिवस धरून. गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका, कोकणातले मिस्त्री गावी जातात. होळी आणि छठला टाइलवाले जातात. उघडी बाथरूम घेऊन सण काढावा लागतो. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवली तर शेजारीही सांभाळून घेतात.

ठेकेदाराशी ‘लमसम’ (सगळ्याची मिळून एकच रक्कम) ठरवू नका. कुठली टाइल किती रुपयांची, कुठल्या कंपनीचा पाईप, कोटिंगचे किती हात, सगळं एका कागदावर. सुरुवातीला पाव रक्कम, पाईपची प्रेशर टेस्ट झाल्यावर पाव, पाणी भरून खाली कोरडं दिसल्यावर पाव, टाइल झाल्यावर पंधरा टक्के. शेवटचे दहा टक्के बाथरूम पंधरा दिवस वापरून झाल्यावर. हे ऐकून जो तोंड वाकडं करतो, त्याला काम देऊ नका.

खालच्या काकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: गळती थांबली तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला काही आठवडे जातात, पावसाळ्यात आणखी जास्त. तेवढ्यात त्यांनी छताला रंग लावला तर तो पोपडे धरणार आणि दोष तुमच्या नव्या कामावर येणार. त्यांनी सैल झालेलं प्लास्टर काढून छत उघडं ठेवावं, दर आठवड्याला एक फोटो तुम्हाला पाठवावा. डाग फिका होत गेला आणि हाताला कोरडं लागलं की मग पुट्टी आणि रंग.